हाशिमची सागवानी जहाजं

बदनापूरच्या हाशिम सुताराच्या खुर्च्या लोक कौतुकानं बघायचे आणि बसायला दुसरीकडून घ्यायचे. हे तो स्वतःच सांगत फिरायचा. "माझी खुर्ची बसायला न्हाई, उभं राहून बघायला हाय!"

मोबाइलवर समुद्री लुटारूंचा पटावरचा खेळ दिसला आणि तसाच घडवायला गडी पेटला. जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता, तरी सागवानी पाटावर लाटा कोरल्या, छोटी जहाजं घडवून त्यांना नखाएवढी कापडी शिडं लावली, वर पॉलिश मारलं. ईदच्या दुपारी बायको जन्नतबी आणि लेक तरन्नुम यांना खेळायला बसवलं.

तरन्नुमनं जहाज उचललं, तसा हाशिम ओरडला, "हळू! शीड फाटंल!" जन्नतबी तिच्यावर चाल करून गेली, तर म्हणाला, "धडकवू नको, पॉलिश जाईल!" मग कुणी कुणाला लुटेचना. सगळी जहाजं नव्या पाहुण्यांसारखी अंग चोरून बसली.

"लाजवाब हाय, अब्बा," तरन्नुम जांभई देत म्हणाली, "पण कपाटातच ठेवू."

खेळ कपाटात गेला. तिनं फरशीवर खडूनं अष्टचंगचा पट आखला, फोडलेले चिंचोके फेकले आणि घरात एकच कल्ला उठला. जन्नतबीनं नवऱ्याच्या सोंगट्या धडाधड मारल्या. शेवटी हाशिमनं गुपचूप आपली सोंगटी एक घर पुढं सरकवली. तरन्नुमनं मनगटच धरलं. "अब्बा, चोरी!"

हाशिमनं ओशाळून कपाटाकडं पाहिलं. "तिकडं जहाजं कोरत बसलो, अन् लुटारू इकडं फरशीवर बसल्ता!"