लाल पाटा

घाटंजीच्या बाजारात रामीबाईसारखा पाटा दुसऱ्या कोणाचा नाही, हे तिचे वैरीही कबूल करत. बाई तोंडाची फटकळ, पण हाताची पक्की. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की ती छिन्नी खाली ठेवून ऐकवायची, "हा काळा पाथर हाय, बापू! भुईच्या पोटातला रस वर आला, थिजला, तवा हा दगड झाला. एकजीव! पाण्यापावसानं याचीच रेती होते. रेती थरावर थर दबली का तिचा दुसरा दगड होते, अन् थो खोल भुईत गेला का पुन्हा रस. पण रेतीच्या दगडाचा पाटा फुकट भेटला तरी घेऊ नोको. कण सुटते." शेजारी बसणाऱ्या लेकीला, वर्षाला, हे तोंडपाठ झालं होतं.

आणि याच बाईची मती लेकीच्या लग्नात फिरली! वणीकडून देवळाच्या पायऱ्यांसाठी लाल दगड आला होता, त्यातली एक लादी उरली. दगड रेतीचाच, पण काय रंग! रामीबाईने तिचा पाटा घडवला, काठाने वेल कोरली. दारव्ह्याच्या सासरी लोकांनी पाहत राहावं, एवढंच डोक्यात. घट्ट दिसते, नाही सुटत कण, अशी तिने स्वतःचीच समजूत घातली.

वर्षभराने ती लेकीकडे जेवायला बसली. पहिल्याच घासाला चटणी दाताखाली कचकचली.

"रोजचंच हाय हे," विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्या पोरीले निवडणं-पाखडणं येतच नाही."

रामीबाईचा पारा चढला. सगळ्यांदेखत ती कडाडली, "लाज नाही वाटत वं? मायचं नाव बुडवलं तू!" वर्षा मान खाली घालून वाढत राहिली.

हात धुवायला रामीबाई मागच्या अंगणात गेली, तिथे पाटा होता. मधोमध खळगा पडलेला. बोट फिरवलं तर लाल रेती बोटाला लागली. तशीच आत जाऊन तिने विहिणीला सांगून टाकलं, "पोरीची चूक नाही. माह्याच पाट्याची हाय."

निघताना तिने वर्षाला दाराशी गाठलं. "तुले कधी समजलं?"

"पयल्याच दिवशी."

"मंग बोलली काहून नाही, पोरी?"

"लोकं तुह्या पाट्याले नाव ठेवतीन म्हणून." वर्षाचे डोळे भरून आले. "सासूचं बोलणं वर्षभर आयकलं, माय, काही नाही वाटलं. आज तू बोलली, थे लागलं."