साठ पानं धरा

हिम्मतरावकाका माझे तारनाक्याचे शेजारी. सिकंदराबादला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात तीस वर्षं काढली. गाडी घाटकेसरला असली की यांनी पुढं काझीपेटचा फलाट मोकळा करून ठेवायचा, असं ते काम. निवृत्त झाले तरी खोड जाईना. सकाळी जेवायला बसले की रात्रीच्या भाजीची चौकशी. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आत परतीच्या रिक्षाची घाई. मालनकाकू म्हणायच्या, "बोहल्यावर उभं राहून ह्यांनी बारशाचा विचार केला असंल!" आम्ही पोट धरधरून हसायचो.

मग काकूंचं यकृत गेलं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, फार तर महिना. काका सुन्न झाले, तेव्हा त्यांची लेक त्रिवेणी त्यांना बरकतपुऱ्याच्या ध्यानवर्गाला घेऊन गेली. आपलं मन कुठं जातं ते नुसतं बघा, असं तिथं सांगायचे. काकांनी बघितलं आणि घाबरेघुबरे होऊन माझ्याकडं आले.

"मेधा, ती समोर बसून चहा पिऊ लागली, अन् मी मनात पाहुणे मोजू लागलो. तेराव्याचे!"

कप्पाळ!

काल सकाळी पेज द्यायला गेले, तर काकू डोळे मिटून पडलेल्या आणि काका फोनवर आचाऱ्याशी बोलत होते. "साठ पानं धरा. वरण, बुंदी... तारीख मागून सांगतो." मला असा संताप आला, की फोन हिसकावून घ्यावासा वाटला.

काकूंनी डोळे उघडले. "कुणाचं जेवण हो?"

काकांनी फोन पाठीमागं लपवला.

"बुंदी नक्को," काकू म्हणाल्या. "पुरण करा. अन् आजच करा. मी पण जेवीन."

दुपारी त्रिवेणीनं पुरण शिजवलं. काकांनी काकूंना चमच्यानं एक घास भरवला. "वेलदोडा कमी पडला," काकू म्हणाल्या आणि दुसऱ्या घासासाठी त्यांनी तोंड उघडलं. चमचा येईचना. काका समोरच्या भिंतीकडं बघत होते. तिथं एक मोकळा खिळा होता, फोटोपुरता.

"अहो," काकू म्हणाल्या, "मी इकडं आहे."

काकांनी वाटी खाली ठेवली आणि लहान पोरासारखे हुंदके देऊ लागले. "कळतंय मालन, सगळं कळतंय. पण मला थांबता येईना ग."