पंखाखालचा काका

वॉरिक डन्स्टनने लेवी तोवाइनाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लेवी फक्त पावलांपुरता होता. बाकीचा लेवी जमिनीत होता.

वॉरिक क्वीन्सलंडचा. महायुद्धातली गाडली गेलेली विमानं उकरून काढायची, हा त्याचा छंद आणि धंदाही. अंगाने एवढा अवाढव्य, की त्याची सावली पडली की कोंबड्या संध्याकाळ झाली असं समजून झाडावर चढत. पुढे प्रत्येक बियरबरोबर तो शपथेवर सांगायचा, की ते तळवे त्याला पाच मैलांवरून दिसले. टाचांच्या भेगांत वेल रुजला होता म्हणे. ज्वालामुखीने अख्खा माणूस गिळला आणि तळवे तेवढे बेचव लागले म्हणून टाकून दिले, असं वाटून त्याने धावत जाऊन दोन्ही घोटे धरले आणि ओढायला सुरुवात केली. तेव्हा जमिनीच्या पोटातून एक शांत आवाज आला, "ओढायचंच असेल तर हळू ओढ रे बाबा. हातात अंडं आहे."

आमच्या बेटावरच्या रानकोंबड्या अंड्यांवर बसत नाहीत. ज्वालामुखीच्या ऊन राखेत अंडी पुरतात आणि संसाराची काळजी डोंगरावर सोपवून निघून जातात. ती काढायला पुरुषभर खोल बीळ खणून डोकं खाली करून उतरावं लागतं. लेवी या कामात इतका मुरलेला, की बायको इयावारुन म्हणायची, "माझ्या नवऱ्याचं तोंड मी लग्नात पाहिलं. त्यानंतर पायच ओळखीचे." या धंद्याचा कायदा एका ओळीचा होता. राखेतलं अंडं कुणाचंच नसतं. ज्याचा हात आधी लागेल, त्याचं.

जमिनीचा कायदा मात्र वेगळा. आमच्याकडे जमीन आईकडून येते. बापाची जमीन मुलाला मिळत नाही, बापाच्या बहिणीच्या मुलाला मिळते. लेवी आयुष्यभर बापाच्या जमिनीवर राहिला तो आतेभाऊ एर्मानच्या मेहेरबानीवर. एर्मान भला माणूस होता. त्याने कधी जा म्हटलं नाही, लेवीने कधी माझं म्हटलं नाही, आणि दोघांचं छान चाललं होतं.

त्या जमिनीत एक विमान होतं. शरणागतीच्या आधी जपान्यांनी गावातल्या तरण्या पोरांकडून खड्डा खणवून ते पुरलं. पुरताना राखेची कड कोसळली आणि लेवीचा काका तोपालिया पंखाखाली गेला. शिपायांनी वर माती लोटून घेतली. प्रेत मिळालं नाही, म्हणून त्याच्या नावाने शंखमाळा वाटल्या गेल्या नाहीत. आणि त्या वाटल्याशिवाय मेलेल्याला पितरांच्या घरी कुणी दार उघडत नाही. लेवीचा बाप जन्मभर जेवताना भावासाठी एक अळकुडी बाजूला ठेवायचा. मरताना त्याने लेवीला एवढंच सांगितलं, की मला घरामागच्या झाडाच्या एका अंगाला पुर, मध्ये पुरू नकोस. बाजूला जागा हवी.

वॉरिकने विमानाचं नाव काढलं आणि गाव जागं झालं. आजवर विमानावरच्या मातीच्या उंचवट्यावर डुकरंसुद्धा मन लावून बसत नव्हती. आठवड्याभरात निम्म्या गावाचे आजोबा त्या विमानाचे खास दोस्त निघाले. एकाचे तर ते चालवता चालवता राहिले होते. राजधानीतून म्युझियमचा माणूस आला आणि म्हणाला, विमान देशाचं. वॉरिक म्हणाला, शोधलं मी. एर्मान म्हणाला, निजलंय आमच्या कुळाच्या पोटात. काकाचं नाव कुणीच घेतलं नाही.

लेवी एर्मानकडे गेला. आधी काकाला काढू दे, मग विमानाचं काय ते करा, म्हणाला.

"तुझा काका, पण माझा मामा आहे तो," एर्मान म्हणाला. "मला वाटत नाही होय रे काही? पण हाडं निघाली की पोलीस येतील, आपल्या माणसाची असतील म्हणून जपानी येतील, सगळं अडेल. आधी विमान उचलू दे."

"क्रेनने उचललं की राख आत धावते, दादा. मी जन्मभर त्याच राखेत डोकं घालतोय. काही उरणार नाही."

एर्मान पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

मग लेवी एकटाच उतरला. आयुष्यातलं सगळ्यात खोल बीळ त्याने खणलं. हात पंखाला लागला, गार आणि गुळगुळीत. पण पंखाच्या खाली हात जाईना. बोटं वळवून पाहिली, खांदा सोलवटला. काका वीतभर पलीकडे असेल नाहीतर हातभर, पण मधे विमान होतं.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पडवीत बैठक होती. निघताना इयावारुन म्हणाली, "आपण तिथे पाहुणे आहोत. तोंड उघडू नकोस." लेवीने बराच वेळ उघडलं नाही. क्रेनचा दिवस ठरायला लागला, तेव्हा तो उभा राहिला. काही दिवस मिळावेत, पंखाखालून खणता यावं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण त्याला कायदा एकच येत होता.

"माझा हात लागलाय त्याला," तो म्हणाला. "सगळ्यांच्या आधी. विमान माझं."

काही जण हसले. म्हातारे हसले नाहीत. मुलाने बापाच्या कुळाच्या जमिनीतली वस्तू चारचौघांत माझी म्हणणं म्हणजे जमीनच माझी म्हणणं. ते ऐकून कुळ गप्प बसलं, तर उद्या प्रत्येक जण बापाचं घर मागेल.

एर्मान म्हणाला, "हे काय बोललास, लेवी?" आणि मग, मान वर न करता, "आता मला तुला जा म्हणावं लागेल."

इयावारुनने भांडी बांधली. दोघं लेवीच्या आईच्या गावी गेली. तिथे, डोंगरापलीकडे, राख नाही. लाल चिकणमाती आहे. तिथे रानकोंबड्या येत नाहीत.

विमान उचललं त्या दिवशी लेवी आला. एर्मानच्या हद्दीत पाऊल न टाकता रस्त्यावर उभा राहिला. पंखाखाली बघ, एवढं त्याने वॉरिककडून कबूल करून घेतलं होतं. वॉरिक खरंच खड्ड्याच्या काठावर ओणवा झाला, टोपी मागे सारून वाकला. क्रेनने ओढ घेतली, पंख सुटला आणि चारी बाजूंनी राख आत आली, पाणी भरावं तशी. वॉरिक उठला, गुडघे झटकले आणि रस्त्याकडे पाहून नुसती नकाराची मान हलवली. लेवीनेही हलवली. मग तो बसची वाट बघत थांबला.

पुढच्या पावसाळ्यात लेवी न्यूमोनियाने गेला. रिवाजाप्रमाणे त्याला आईच्या गावात पुरलं. विमान बंदरावर ताडपत्रीखाली आहे. ते कुणाचं, याचा खटला चालू आहे.