मामांच्या भिंतीवरची माणसं

लातुरात उन्हाळा माणसांना होत नाही, यंत्रांना होतो, असं मानणारा एकच गृहस्थ जिल्ह्यात आहे आणि तो माझा सख्खा मामा आहे. घरात टेबलफॅन एकच, आणि त्याचं तोंड कायम स्लाइड दाखवायच्या जुन्या प्रोजेक्टरकडे. प्रोजेक्टर बंद असला तरी! मे महिन्यात पाहुणा घामाने निथळत असतो, पण मामा पंखा तसूभर हलवत नाहीत. "तुला घाम येतोय म्हंजे तू जित्ता हाईस," ते मला म्हणाले. "फिल्मला घाम येत न्हाई. ती गपकन वितळती." कपाटात फिल्मच्या स्लाइडची पेटी राहते, मामांचे कपडे दोरीवर. प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे उष्णता अडवणारी एक काच असते. ती पुसून झाल्यावरच त्यांना स्वतःचा चष्मा आठवतो.

हसून सोडून द्यावं, तर तीही सोय नाही. मामा आमच्या गावच्या शाळेत मास्तर होते आणि फोटोंचा भारी नाद. भूकंपाच्या रात्री ते नांदेडला होते, शाळांच्या प्रदर्शनात गावाच्या स्लाइड दाखवायला. परत आले तेव्हा गाव नव्हतं आणि मामीही नव्हती. जे काही उरलं ते त्या पेटीत.

तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी गावची उरलेली माणसं मामांच्या खोलीत जमतात. खिडक्यांना चादरी लावायच्या आणि आपापली गेलेली माणसं भिंतीवर बघायची. एक स्लाइड भिंतीवर राहणार ती एका 'ॐ नमः शिवाय'पुरतीच. मामा तेही आगगाडी चुकत असल्यासारखं म्हणतात आणि स्लाइड ओढतात. सगळं मोबाईलमध्ये घेऊन टाकू, असं मी एकदा सुचवलं. "मोबाईलात माणूस बोटाएवढं व्हतं," मामा म्हणाले. "भिंतीवर माणसाएवढं ऱ्हातं." आणि पेटी काही त्यांनी हातची सोडली नाही.

त्या पेटीत गावच्या गोदाकाकूंच्या, भूकंपात गेलेल्या लेकीची एकच स्लाइड आहे. परकर मुठीत धरलेली, पुढचे दात पडलेली पोर. तिचा दुसरा फोटो जगात नाही. काकू दरवर्षी विनवायच्या, "मास्तर, जरा ऱ्हाऊ द्या की," आणि मामा दरवर्षी ओढायचे. गेल्या वर्षी मात्र काकूंनी त्यांचा हातच धरला. "तुमचं काय जातंय वो? लेकरू माझं हाय!"

मामांनी हात सोडवून घेतला. दिवा घालवला, खिडकीवरची चादर सारली आणि सदऱ्याच्या खिशातून एक स्लाइड काढून उजेडात धरली. लुगड्याचा काठ होता, बांगड्या होत्या. तोंडाच्या जागी करपलेलं भोक होतं.

"ही आमची मंडळी," मामा म्हणाले. "पहिल्या वर्षी लावली आन बघत बसलो. डोळं भरल्यालं, त्यात जळताना दिसलीच न्हाई."

काकूंनी त्या भोकाकडे बघितलं आणि उठून खिडकीची चादर स्वतःच परत लावली.

यंदाही काकू आल्या, पुढेच बसल्या. पोर भिंतीवर आली. मामांचं 'ॐ' झालं, 'नमः' झालं, आणि काकूंच्या तोंडाकडे बघता बघता पुढचा शब्द काही त्यांच्या ओठावर येईना. शेवटी काकूच उठल्या. आधी भिंतीवरच्या पोरीच्या गालावरून हात फिरवला, मग मामांकडे वळल्या.

"काढा मास्तर," त्या म्हणाल्या. "लेकराला ऊन लागंल."