जुन्या डोळ्याचं चित्र

आमची ही, म्हणजे बायको, चित्रं काढते म्हणजे नेमकं काय काढते, हे मला अजूनही सांगता यायचं नाही. झाड नाही, माणूस नाही, नुसते रंग. मी सुतार. दोनदा मापल्याशिवाय करवत उचलत नाही. हिचा कारभार उलटा. आधी रेखाटन नाही, विचार नाही. ताटलीत रंग कालवायचा आणि हात नेईल तिकडे जायचं. "हात थांबला की चित्र झालं," एवढंच हिचं शास्त्र. गॅलरीवाल्या बाई त्यावर 'अवकाश' वगैरे बोलतात. आमच्या धंद्यात त्याला मोकळी जागा म्हणतात. पण हिच्या कॅनव्हासच्या चौकटी मीच ठोकतो, आणि हिचा हात अडखळलेला मी कधी पाहिला नव्हता.

गेल्या वर्षी ही जिन्यात पडली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोन्हीकडे मोतीबिंदू पिकलाय, आधी उजवा करू, मग डावा. प्रदर्शन तोंडावर आलं होतं, पण चित्रं तयार होती, म्हणून मीच घाई केली. उजव्या डोळ्यात नवं भिंग बसलं. पट्टी निघाली त्या दिवशी ही घरी आली आणि चपला न काढताच आपल्या खोलीत शिरली.

बराच वेळ आवाज नाही म्हणून मी डोकावलो. ही सगळ्यात मोठ्या चित्रासमोर उभी राहून एकदा हा डोळा झाकत होती, एकदा तो.

"याला कुणी हात लावला?"

"तुझ्या खोलीत कोण येतंय मरायला?"

"मग हा जांभळा कुठून आला? मी राखाडी लावला होता."

डॉक्टरांनी फोनवर उलगडा केला. पिकलेला मोतीबिंदू म्हणजे डोळ्यापुढे पिवळट काच धरल्यासारखं. त्यातून निळं-जांभळं मळकं दिसतं. म्हणजे राखाडी दिसावा म्हणून ही बिचारी ताटलीत निळा-जांभळा ओतत राहिली होती. डावा डोळा अजून राखाडीच दाखवत होता. उजवा म्हणत होता, जांभळा.

त्यानंतर ही जेवायला बसायची आणि ताट तसंच ठेवून उठायची. नवा कॅनव्हास लावून दिला, तर ब्रश हातात घेऊन उभी राहिली आणि तसाच खाली ठेवला. "आता आधी विचार येतो," म्हणाली. डाव्या डोळ्याची तारीख जवळ येत होती. तो एकदा झाला, की हिनं काढलं होतं ते चित्र जगात कुणालाच दिसणार नव्हतं, हिलासुद्धा नाही. मला तर डॉक्टरांचाच राग यायला लागला. बरं करून ठेवलं नि वाट लावली.

चित्रं न्यायला गॅलरीवाल्या बाई स्वतः आल्या, दोन हमाल घेऊन. आमंत्रणावर तेच मोठं चित्र छापलेलं, आणि बाईंनी नेमकं त्या जांभळ्यावरच पानभर लिहिलं होतं. आम्ही खोलीच्या दारात पोचलो आणि जागीच थिजलो. हिनं नव्या डोळ्यानं पारखून डबाभर राखाडी कालवला होता. त्याच चित्रापुढे उभी, हातात रुंद ब्रश, ओथंबलेला. तो खाली फरशीवर ठिबकत होता.

"त्यांना थांबवा ना," बाई माझ्या कानाशी कुजबुजल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ही काम करत असताना बोलायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. तो मी मोडला.

"अगं, जरा थांब."

"हे खोटं आहे. असं मी बाहेर जाऊ देणार नाही." ब्रश कॅनव्हासपासून बोटभर अंतरावर होता. मग ही मागे न वळताच म्हणाली, "अहो, तुम्हाला काय दिसतंय?"

चित्राबद्दल हिनं मला कधी काही विचारलं नव्हतं. राखाडी म्हणालो असतो तर चित्र वाचलं असतं का, कोण जाणे. पण हिच्याशी खोटं बोलायला जीभ वळेना.

"जांभळा. पहिल्यापासून जांभळाच दिसतोय. मला वाटायचं, तुला तोच हवाय. आणि खरं सांगू? तुझ्या चित्रांतलं मला एवढंच कळतं. तो बघितला की मला बरं वाटतं."

हिचा ब्रश हळूहळू खाली आला.

"म्हणजे मी सोडून सगळ्यांनी पाहिलंय हे," म्हणाली.

बाई खाली बघत होत्या. हिनं ब्रश डब्यात खुपसला, हमालांना म्हणाली, "न्या," आणि चित्र दाराबाहेर जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

डावा डोळाही झाला. प्रदर्शनाला मी येणार नाही, असं हिनं ठणकावून सांगितलं होतं. मीही आग्रह केला नाही. शेवटच्या दिवशी मात्र स्वतःच साडी बदलून दारात उभी राहिली. हॉलमध्ये कुणाशी न बोलता थेट त्या चित्रापुढे गेली. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा काढला. मी चार पावलं मागे थांबलो. ही बघत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं.

शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीनं हळूच विचारलं, "तुम्हीच काढलंय ना हे?"

"काढलंय मीच," ही म्हणाली. "बघतेय मात्र आजच."