खोडलेले अभिप्राय

डोंबिवलीतल्या एका वाचनालयात मी गेली चार वर्षं बिनपगारी काम करतो आणि तिथे माझ्याकडे एकच खातं आहे, खोडरबराचं. मुलांच्या विभागातलं पुस्तक परत आलं की त्याचं शेवटचं कोरं पान उघडायचं आणि त्यावर पेन्सिलीने जे काही लिहिलेलं असेल ते खोडायचं. हा उद्योग मुलांनी कधी सुरू केला कोणास ठाऊक. माझी मुलगी या वाचनालयात यायची तेव्हाही तो होता. पुस्तक वाचून झालं की शेवटच्या पानावर दोन ओळी लिहायच्या, नाव घालायचं नाही, आणि पुढच्याने त्या वाचून पुस्तक न्यायचं की नाही ते ठरवायचं. ग्रंथपाल बाई या पानांपायी मेटाकुटीला आल्या होत्या. "सर, तुम्ही रिकामेच असता ना?" त्या म्हणाल्या. कल्याणच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला असं तोंडावर रिकामं म्हणू नये. पण ते खरं होतं, म्हणून मी खोडरबर विकत आणला.

पहिल्या महिन्यात मला फार राग आला. पुस्तकाविषयी असं लिहितात? "पान ४० पर्यंत काहीच होत नाही आणि मग एकदम कुत्रा मरतो. हे चीटिंग आहे." "भूत शेवटी काकाच निघतो. आम्हाला आधीच कळलेलं." "शेवट वाचू नका, सगळे मिळून झाडं लावतात." एका बऱ्यापैकी जाड कादंबरीच्या मागे कोणीतरी लिहिलं होतं, "मोबाइल वाईट आहे हे कळलं. आता दुसरं काहीतरी सांगा." आणि एका फार गाजलेल्या पुस्तकामागे, "ह्यातली आई कधीच ओरडत नाही. म्हणजे ही गोष्ट खोटी आहे."

दुसऱ्या महिन्यात मी खोडण्याआधी ते सगळं वहीत उतरवून घ्यायला लागलो. हल्ली मुलांसाठी निघणारी पुस्तकं मीही वाचायला लागलो होतो आणि मुलांचं म्हणणं दहातल्या आठ वेळा बरोबर निघत होतं. सुट्टीत गावाला जाणारी मुलं, शास्त्रज्ञ मामा, शेवटी झाडं. मला हसू यायचं. घरी गेल्यावर ते कोणाला तरी सांगावंसं वाटायचं, आणि घरी कोणी नव्हतं. पत्नी जाऊन चोवीस वर्षं झाली. मुलगी ठाण्याला, बाळकुमला राहते. तेव्हा दिवसभरात माझ्या कानावर मनापासूनचं काही पडलं असलं तर ते या पानांवरचंच, आणि तेही माझ्यासाठी लिहिलेलं नव्हतं.

या कामात एक गोष्ट मात्र मी शिकलो. मुलं पेन्सिल दाबून लिहितात. रबराने शिसं जातं, पण कागदावरचा वण जात नाही. पान खिडकीशी नेऊन जरा तिरपं धरलं की खोडलेलंही वाचता येतं. मी खोडलेल्या कितीतरी ओळी अशा परत वाचल्या आहेत. निवृत्तीनंतर अंगी आलेलं हे माझं एकमेव कसब.

आता खरी गोष्ट सांगतो. त्या मुलांच्या कपाटात माझीही एक कादंबरी आहे. कुमारवयीन मुलांसाठी, एका लहानशा प्रकाशकाने काढलेली, आणि मीच वाचनालयाला भेट दिलेली. चौदा वर्षांच्या मुलीची आई जाते आणि मुलगी व वडील एकमेकांना धरून उभे राहतात, अशी ती गोष्ट आहे. मुलगी समंजस, वडील समजूतदार. आमचीच गोष्ट, असं मी स्वतःशी म्हणत असे. छापून आल्यावर पहिली प्रत मी कुरिअरने बाळकुमला पाठवली होती. मुलीचा मेसेज आला : "मिळालं. छान." त्यापुढे अंगठा. दीड वर्षांत तिने त्यावर आणखी एक अक्षर काढलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

वाचनालयातली प्रतही तशीच मुकी. तारखांच्या चिठ्ठीवर सहा-सात शिक्के पडले होते, म्हणजे पुस्तक घरी जात होतं, येत होतं. शेवटचं पान कोरं. कुत्रा मारणाऱ्या लेखकाला शिव्या तरी मिळाल्या, मला तेवढ्याही नाहीत. एका शनिवारी दुपारी बाई जेवायला गेल्या होत्या तेव्हा मी जे केलं ते सांगायची लाज वाटते. डाव्या हातात पेन्सिल धरून, वेड्यावाकड्या अक्षरात, मी माझ्याच पुस्तकामागे लिहिलं, "पुस्तक खूप आवडले. बोधप्रद आहे. प्रत्येक मुलाने अवश्य वाचावे."

तीन आठवड्यांनी पुस्तक परत आलं. माझ्या ओळीखाली दुसऱ्या अक्षरात होतं, "हे मोठ्या माणसाने लिहिलंय." त्याखाली तिसऱ्या अक्षरात, "१०० टक्के." आणि त्याखाली, "बहुतेक लेखकच," शेजारी दात काढलेलं तोंड. माझे कान तापले. खोडरबर हातात घेतला तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून आवाज आला.

"आजोबा, ते नका ना खोडू. आम्ही शोधतोय कोण आहे ते."

सातवीतली मुलगी होती. दर शनिवारी यायची, दोन पुस्तकं न्यायची. मला ती आजोबा म्हणून ओळखत होती, लेखक म्हणून नाही. मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं, "मोठ्या माणसाचं आहे कशावरून?"

"अहो आजोबा, बोधप्रद कोण लिहितं? आणि खरंच आवडलेलं असलं तर काय आवडलं ते सांगतात ना. ह्याला काहीच आवडलेलं नाहीये. ह्याला फक्त चांगलं बोलायचंय."

"तू वाचलंस का?"

"हो, मीच नेलेलं. आता लिहिणारे."

"काय लिहिणार?"

"ते लिहिल्यावर कळेल ना," ती म्हणाली, आणि माझ्या हातातलं पुस्तक आणि माझ्याच खिशातली पेन्सिल मागून घेऊन खिडकीशी जाऊन बसली. मी रजिस्टर उघडून त्यात बघत राहिलो. तिने पुस्तक कपाटात ठेवलं, पेन्सिल परत दिली आणि थँक्यू म्हणून गेली.

तिने लिहिलं होतं, "हिची आई गेली तरी ही एकदाही चिडत नाही. बाबांवर तर नाहीच. मी असते तर खूप चिडले असते. बाबाच बोलत राहतात. तिला कोणी काही विचारतच नाही."

मी खाली बसलो. बाई जेवून आल्या, पंखा लावू का म्हणाल्या. मी त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत होतो.

कारण माझ्या घरातली मुलगी चिडली होती आणि ते मला माहीत होतं. तिची आई गेली त्या वर्षी तिने याच वाचनालयातून एक गोष्टीचं पुस्तक आणलं होतं. परत करायच्या आधी मी सवयीने चाळलं, तर शेवटच्या पानावर तिचं अक्षर : "मला हे पुस्तक आवडलं नाही, कारण ह्यातली आई परत येते." मी मास्तर माणूस. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहिलंस म्हणून आधी बोललो. तिला समोर बसवून ते खोडायला लावलं. मग वहीत रीतसर अभिप्राय लिहून आण म्हणालो. तिने मुकाट्याने तेच वाक्य वहीत लिहून आणलं. त्याखाली मी लाल पेनने शेरा मारला : "कारण पटण्यासारखे नाही. पुस्तकापासून काय बोध मिळाला ते लिही." तिने तोही लिहिला. अर्धं पान, नीटनेटका, आणि मी त्याला 'छान' असा शेरा दिला. त्यानंतर तिने मला कशाबद्दलही काय वाटतं ते सांगितलेलं नाही. शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न, सगळं नीटनेटकं झालं. मी लोकांना सांगत असे, माझी मुलगी फार समजूतदार आहे.

त्या दिवशी मी पान खोडलं नाही. सातवीतल्या त्या मुलीने लिहिलेल्या ओळी चिठ्ठीवर उतरवल्या, चिठ्ठी खिशात घातली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता बाळकुमला निघालो. माणकोलीचा पूल झाल्यापासून आमच्याकडून ठाणं हाकेच्या अंतरावर आलं आहे. पूल व्हायच्या आधी माझी मुलगी म्हणायची, "पूल झाला की येत जाईन, बाबा. सध्या रस्त्यातच जीव जातो." पूल झाला. मी पेपरात फोटो बघितला, तिला पाठवला, तिने अंगठा पाठवला. तेव्हापासून ती दोनदा आली, एकदा गणपतीत आणि एकदा माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला. रविवारी मात्र न चुकता फोन असतो. गोळ्या घेता ना? घेतो. जेवलात ना? जेवलो. मग ठेवते. फोन ठेवल्यावर घर जास्तच मोठं वाटतं, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

माजिवड्याला रिक्षा अर्धा तास अडकली. तेवढ्या वेळात मी तिच्याशी काय बोलायचं त्याची मनात तीन भाषणं तयार केली. दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात हेडफोन होता.

"बाबा? काय झालं? बरं नाहीये का?"

"काही नाही. सहज आलो."

सहज मी कधी आलेलो नव्हतो, म्हणून ती आणखीच घाबरली. जावई मित्रांबरोबर गडावर गेले होते. तिचं रविवार असूनही ऑफिसचं काहीतरी चालू होतं. "दहा मिनिटं द्या, चहा टाकते मग," म्हणून ती आत गेली. एकोणिसाव्या मजल्यावरच्या त्या दिवाणखान्यात मी पाहुण्यासारखा सोफ्याच्या कडेवर बसलो.

कपाटात माझं पुस्तक होतं. मी ते काढलं. कणा मोडलेला होता, म्हणजे वाचलेलं होतं, आणि एकदाच नव्हे. हात सवयीने शेवटच्या पानावर गेला. पान कोरं होतं.

पण कोरं पान आणि खोडलेलं पान यातला फरक मला कळतो. मी उठलो, बाल्कनीच्या दाराशी गेलो आणि पान तिरपं धरलं. वण होते. अक्षर उजवीकडे चढत जाणारं, मला कधीच सरळ करता न आलेलं. "ह्यातली आई परत येत नाही. हे बरोबर. पण ही शहाणी मुलगी कोण आहे, बाबा?"

चाळिशीला आलेल्या माझ्या मुलीने हे लिहिलं होतं आणि तिचं तिनेच खोडलं होतं. या वेळी तिला कोणी समोर बसवलं नव्हतं. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो आणि मला रडू आलं. पत्नी गेली तेव्हा मी मुलीसमोर रडलो नव्हतो, तिला आधार हवा म्हणून.

मग खिशातली पेन्सिल काढली आणि तिची अक्षरं गिरवायला बसलो. आयुष्यभर मुलांना माझी अक्षरं गिरवायला लावली, दुसऱ्याची मी पहिल्यांदाच गिरवत होतो. वणावरून पेन्सिल आपोआप जात होती. एकही अक्षर बदललं नाही. 'बाबा'पाशी जरा वेळ लागला, तिथे तिने खूप जोर देऊन खोडलं होतं.

ती चहाचे कप घेऊन कधी आली ते मला कळलं नाही. कप टीपॉयवर ठेवून ती पानाकडे बघत राहिली.

"तुम्हाला कसं दिसलं ते?"

"मला दिसतं."

तिने हात पुढे केला. "रबर आहे का तुमच्याकडे?"

तो वरच्या खिशात होता. "नाही," मी म्हणालो.

रस्त्यात जुळवलेल्या भाषणांपैकी एकही आठवेना. खिशात त्या सातवीतल्या मुलीची चिठ्ठी होती, तीही काढावीशी वाटली नाही. मी फक्त विचारलं, "तू फार चिडली होतीस का गं तेव्हा?"

आत तिच्या लॅपटॉपवर कोणीतरी तिला बोलावत होतं. ती गेली नाही. गळ्यातला हेडफोन काढून तिने कपाजवळ ठेवला आणि माझ्यासमोर बसली.

"अजूनही आहे, बाबा," ती म्हणाली.

मी पुस्तक मिटलं आणि गप्प बसलो, तिला बोलता यावं म्हणून.