इस्त्रीच्या टेबलामागच्या मिसेस कोल

मिसेस कोल स्वीट नव्हत्या.

सोमवारी त्या गेल्या. तेव्हापासून माझ्या वॉलवर ‘स्वीट ओल्ड लेडी’, ‘आरआयपी आजी’, ‘विल मिस युअर केक्स’ असं काय काय येतंय.

लिहिणारे सगळे आपलेच. लीड्समधले, मराठी, शिकलेले.

मला राग आलाय, म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मिसेस कोल आमच्या समोरच्या घरात राहायच्या. काळ्या अमेरिकन. तिकडच्या दक्षिणेतल्या एका कापसाच्या गावात जन्म, लग्न करून लीड्सला आलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली.

पहिल्या भेटीत मी विचारलं, “तुमचं फर्स्ट नेम काय?”

“मिसेस.”

मला वाटलं, चेष्टा करताहेत.

चेष्टा नव्हती. त्यांच्या गावातल्या गोऱ्यांनी त्यांच्या आईला कधीच मिसेस म्हटलं नाही. कोर्टातला पोरसवदा क्लार्कसुद्धा तिला नुसत्या नावानं हाक मारायचा.

त्याच क्लार्ककडे ती मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली होती. शेजारणीची चांगली हॅट मागून घालून.

त्यानं राज्यघटनेतला एक उतारा तिच्यापुढे टाकला. “अर्थ लिही.”

तिनं लिहिला.

“चूक.”

बरोबर काय, ते सांगितलं नाही. सांगायचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, ज्या घरी ती स्वयंपाक करायची त्या घरानं तिला कामावरून काढून टाकलं.

मिसेस कोल तेव्हा कॉलेजात होत्या. सुट्टीत गावी आल्या आणि चर्चच्या तळघरात वर्ग सुरू केला. त्यात घटना शिकवायच्या, सही शिकवायच्या. आणि शेवटी स्वतः क्लार्क होऊन बसायच्या आणि समोरच्याला वाट्टेल ते बोलायच्या.

का? तर इथे अपमान ऐकून तयार झालेला माणूस तिथे पायरीवरून परत फिरत नाही.

एकदा कुणीतरी चर्चच्या खिडक्या फोडल्या. काचा झाडल्या आणि वर्ग भरला.

ही ती ‘केकवाली आजी’.

मी परभणीकडची. घरातली पहिली ग्रॅज्युएट. आमची आई मतदानाच्या रांगेतून बाबांना खुणेनं विचारायची, कुठलं बटण? हे मी मिसेस कोलना हसत हसत सांगितलं.

त्या हसल्या नाहीत.

मग या वर्षी आमच्या रस्त्यावर ते पत्रक आलं. कौन्सिलच्या निवडणुकीला उभ्या असलेल्या एका माणसाचं. म्हणे, या भागात ‘बाहेरचे’ फार झालेत. लेटरबॉक्समधून थेट आमच्या पायपुसण्यावर पडलं.

आम्ही काय केलं? रिसायकलिंगमध्ये टाकलं. वर चहा प्यायलो.

मिसेस कोल पत्रक हातात घेऊनच आमच्या दारात आल्या. “तुमची नावं यादीत आहेत ना?”

नव्हती.

कारण गेल्या ऑटममध्ये कौन्सिलचा फॉर्म आला, तेव्हा आमच्या लीड टेनंटनं, म्हणजे घराचा भाडेकरार ज्याच्या नावावर आहे त्या प्रसाददादानं, एकत्र राहणाऱ्या आम्हा चौघांच्या वतीनं लिहून टाकलं होतं: या घरात मतदानास पात्र कुणीही नाही.

“आपण वर्क परमिटवर आहोत गं,” तो मला म्हणाला.

“इंडियन पासपोर्ट आहे ना? कॉमनवेल्थ. कायद्यानं मत आहे आपल्याला.”

“असेल. पण कशाला उगाच कुणाच्या डोळ्यावर यायचं? आधी आयएलआर होऊ दे, कायमचं राहायची परवानगी मिळू दे, मग बघू.”

मिसेस कोलना इथे मत नव्हतं. त्या शेवटपर्यंत अमेरिकनच राहिल्या. “ज्या नागरिकत्वासाठी माझी आई झगडली, तेवढं एक मला पुरे,” म्हणायच्या.

ज्यांना मत नाही त्या दारोदार फिरत होत्या. ज्यांना आहे ते डोळ्यावर यायला घाबरत होते!

त्या आठवड्यातल्या रविवारी त्यांनी आम्हा चौघांना किचनमध्ये बोलावलं. इस्त्रीच्या टेबलामागे खुर्ची टाकून बसल्या. चष्मा नाकावर, आवाज वेगळाच.

“काय पाहिजे?”

प्रसाददादा पुढे झाला. “सॉरी टू ट्रबल यू, सर...”

आम्ही हसत सुटलोच.

“सॉरी? माझ्या गावच्या क्लार्कला तुझ्यासारखा मिळाला असता तर त्यानं तुला जेवायला घातलं असतं. पुन्हा!”

“मिसेस कोल, खरं सांगू का, आम्ही इथे पाहुणे आहोत.”

“टॅक्स भरतोस?”

“हो, म्हणजे, कापूनच घेतात.”

“पाहुण्याच्या खिशात हात घालतात का तुमच्याकडे?”

त्याच टेबलावर त्यानं नवीन फॉर्मवर सही केली. “मत देणार ना?” त्यांनी विचारलं. “डेफिनेटली, मिसेस कोल.”

फॉर्म मी कौन्सिलला नेऊन दिले. काउंटरवरच्या बाईनं घेतले, थँक यू म्हणाली, संपलं. ना उतारा, ना अर्थ. मी बाहेर येऊन बसस्टॉपवर रडले. ज्याच्यापायी एका बाईच्या घरची चूल विझली, ते माझ्या पदरात असं सहज पडलं. आणि आपल्याला तेवढाही त्रास नको?

आज मतदान आहे. मी ऑफिसला हाफ डे टाकून आपल्या मतदान केंद्रावर, कोपऱ्यावरच्या चर्चच्या हॉलमध्ये, जाऊन आले. तिथल्या आजोबांनी नाव-पत्ता विचारला, पासपोर्ट पाहिला, पट्टी ठेवून यादीत रेघ मारली, कागद दिला. “देअर यू गो, लव्ह.”

दोरीला बांधलेल्या पेन्सिलीनं फुली मारताना मी कुणालाही खूण करून विचारलं नाही.

प्रसाददादा, तुला टॅग केलंय. मुद्दाम, सगळ्यांसमोर. चिडलास तर चीड.

तू सकाळी माझ्या वॉलवर आरआयपी लिहिलंस. दुपारी फोनवर म्हणालास, “ऑफिसात अडकलोय गं, आणि एका मतानं काय होतंय?”

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या भेटीत त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं. “तो मुलगा जाईल ना?”

मी म्हटलं, जाईल.

मला खोटं पाडू नकोस. चर्चचा हॉल रात्री दहापर्यंत उघडा आहे.

मिसेस कोल, आदरानं निरोप देते. फ्युनरल पुढच्या आठवड्यात आहे. फुलं तेव्हा आणेन.